चार डावे पाय

सुताराने पटाशी खाली ठेवली ती ठेवलीच. मोठ्या आजारातून उठल्यापासून त्याचा उजवा हात थरथरायचा. तशा हाताने खुर्चीच्या पायात खाच मारायला गेला, पटाशी सटकली आणि लाकूड उभं चिरलं. त्या दिवसापासून त्याने वर्कशॉपकडे पाठ फिरवली. दिवसभर खिडकीशी बसायचा आणि बोललाच तर चहा निवला म्हणून. बायकोला हे बघवेना. एवढ्या आजारातून वाचलेला माणूस खिडकीत बसून झिजणार, हे तिला मुळीच मान्य नव्हतं.

लग्न झाल्यापासून पॉलिशचं काम तिच्याकडे, त्यामुळे लाकूड तिला परकं नव्हतं. तिने साचा करायला घेतला. खाली स्टुलाचा पाय आवळून धरायला क्लॅम्प, वर दोन रूळ, रुळांमध्ये पेटी आणि पेटीत राउटर, म्हणजे खाच पाडायचं मशीन, घट्ट बसवलेला. पेटी मागेपुढे सरकणार, आजूबाजूला केसभरही नाही. हात कितीही हलला तरी खाच सरळच पडणार.

"कुबडी आहे ती," नवरा खिडकीतूनच म्हणाला.

"मग घ्या की काखेत. तिथे बसून तरी काय दिवे लावताय?"

"मला नाही जमायचं आता."

"बरं. मग मी करते."

आणि खरंच केलं. आधी क्लॅम्प घसरला, मग पातं करपलं, तरी बाई हटली नाही. शेवटी चारही पायांत खाचा अशा नीट पडल्या की तिचं तिलाच कौतुक वाटलं. स्टुलाचे पाय जोडणाऱ्या समोरच्या पट्ट्या वर बसायच्या, बाजूच्या जरा खाली. दोन पाय जोडायला घेतले तर दुसऱ्याची खाच भलतीकडेच. तिने तो फिरवला, उलटा धरला, वर दोन शब्दही सुनावले. शेवटी चारही पाय नेऊन नवऱ्याच्या मांडीवर टाकले.

"काय चुकलं ते सांगा."

त्याने एकेक पाय फिरवून पाहिला. "चारही डावे केलेस," म्हणाला आणि हसायला लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "अगं, उजव्या पायाला पेटी अडवायचा ठोकळा रुळाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा असतो. तू तो हलवलाच नाहीस."

तिला राग आला, अगदी सणकून आला. पण किती दिवसांनी हा माणूस हसत होता.

"इथे बसून सांगितलेलं मला कळत नाही. तिकडे येऊन दाखवा."

कळलं होतं तिला सगळं. पण हाती आलेली संधी ती सोडणार नव्हती.

तो कुरकुरत आला. डाव्या हाताने ठोकळा हलवला, नवा पाय आवळला. तिने राउटर सुरू केला. त्याने उजवा हात पेटीच्या दांड्यावर ठेवला तर बोटं दांड्यावर टकटक आपटायला लागली. तिने पटकन आपला हात त्याच्या हातावर ठेवला.

"हात काढ."

तिने काढला आणि दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहिली. पेटी सरकली, थांबली, पुन्हा सरकली. भुसा उडाला. मशीन बंद करून त्याने खाचेत बोट घातलं, एका भिंतीवरून फिरवलं, मग दुसरीवरून. खाच सरळ पडली होती.

"दुसरा पाय दे," तो म्हणाला. "आणि जरा सरक. उजेड अडवतेस."