बिनमाशांची टाकी

पाण्याला आधी वास असतो आणि चव नंतर, हे मी अण्णांच्या ओंजळीकडे पाहून शिकले. नळाचं ताजं पाणी ते ओंजळीत घेत, डोळे मिटून नाकाशी नेत, आणि त्यातला क्लोरीनचा उग्र दर्प त्यांच्या कपाळावर एका आठीसारखा उमटून जाई. मग ते पाणी पुन्हा बादलीत. हिवाळ्यातही उन्हाला न विसरणाऱ्या सोलापूरच्या दुपारी, पत्र्याच्या छपराखाली, ती उघडी बादली वास उडून जाईपर्यंत निमूट बसून राही. तिच्याशेजारी अण्णाही.

अण्णा, माझे वडील, महापालिकेत पाणी सोडणारे होते. खांद्यावर पुरुषभर लांबीची लोखंडी चावी वाहत, रस्त्यातल्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यांवर वाकून, मनगटाचे फेरे मोजत त्यांनी आयुष्यभर वस्तीवस्तीला पाणी दिलं. जमिनीखालून आधी हवेचा सुस्कारा येई, मग पाण्याची धाव, आणि तो घुमणारा नाद त्यांच्या पावलांमागोमाग गल्लीत शिरे. ‘जय भीम’च्याही आधी लोक त्यांना विचारत, “अण्णा, आज पाणी हाय का?” निवृत्तीनंतर तो प्रश्न थांबला. आई आधीच गेली होती. मी सभा, मोर्चे आणि पत्रकं यांत दिवसभर बाहेर. एक अख्खी वस्ती ज्यांची वाट पाहत असे, त्यांची वाट पाहणारं आता घरात काहीच उरलं नव्हतं.

थंडीच्या सुरुवातीला त्यांनी दोन फुटांची काचेची टाकी आणली. तळाशी माती, तिच्यावर धुऊन धुऊन नितळ केलेली वाळू, आणि वाळूत लांब चिमट्यानं एकेक करून रोवलेली, बोटभर उंचीची पाणवनस्पतींची रोपं. मासा एकही नाही. नव्या टाकीचं पाणी रुळायला महिना-दीड महिना लागतो, तोवर तिच्यात जीव सोडायचा नाही, ही दुकानदाराची सूचना त्यांनी शीलासारखी पाळली.

शेजारच्या शेवंताकाकू दारातूनच डिवचत, “अण्णा, मासं पळालं का काय तुमचं?”

“आदी घर तर लागू दे की, शेवंता. बिऱ्हाड मागनं येतंय.”

दर दोन दिवसांनी ते टाकीतलं बादलीभर पाणी नळीनं काढत आणि वास उडालेलं पाणी आत घालत. वाळूवर एक बशी ठेवून तांब्याची बारीक धार ते तिच्यावर धरत, म्हणजे तळ ढवळत नसे. रस्त्याखाली गडगडाट जागवणारे ते हात इथे एक तरंगही उठू नये म्हणून जणू श्वास रोखून धरत. टाकीवरचा दिवा लागला की पानांच्या सावल्या त्यांच्या गालांवर हलत, आणि ते चेहरा मागे घेत नसत.

आमच्या भागात पाणी चार दिवसांआड येतं. त्याच पाण्यासाठी मी त्या दिवशी पत्रक लिहीत होते. शब्द तापलेले होते, आणि समोर नळीतून पाणी बादलीत पडत होतं. मी म्हणाले, “अण्णा, बाहेर बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या आहेत, आणि तुम्ही पाणी काचेत कोंडून बघत बसलाय. लाज वाटायला पाहिजे की!”

त्यांनी नळी गुंडाळली. “व्हय. बरोबर हाय तुजं,” एवढंच म्हणाले. त्या आवाजात राग असता तर मी भांडले असते.

दुसऱ्या दिवसापासून पाणी बदलणं थांबलं. बशी धुऊन मांडणीवर गेली. आठवड्याभरात पानं पारदर्शक झाली, मग कडांनी विरघळू लागली, आणि काचेवर तपकिरी शेवाळाचा पडदा उतरला. समोरची खुर्ची मात्र जागची हलली नाही. अण्णा तिच्यावर, हात मांडीवर ठेवून, तो पडदा पाहत बसत.

शेवटी शेवंताकाकूंनी मला दारात गाठलं. “तुज्या पत्रकात लई पाणी असतंय गं. घरातलं तेवडं दिसलं न्हाय व्हय? टाकीतनं काडलेलं समदं माज्या कडीपत्त्याला यायचं. अन् टाकी आनल्यापास्नं तुजा बाप अर्ध्या बादलीत आंगूळ करतोय. टाकीच्या वाट्याचं त्यानं सोताच्या अंगावरनं काडलंय.”

पाण्याच्या वाटपाबद्दलचा माझा राग आजही खरा आहे. पण तो मी, मला ठाऊक असलेल्यांत सगळ्यात कमी पाणी वापरणाऱ्या माणसावर ओतला होता.

त्याच संध्याकाळी मी बाही सारून टाकीत हात घातला. कुजलेली रोपं उपटायची, नवी आणायची, एवढीच क्षमा मला मागता येत होती. अण्णांनी माझं मनगट धरलं.

“मुळाला हात लावू नगंस. ही रोपं पाण्याभायेर वाडवल्याली हायत. ती पानं पाण्यात टिकतच न्हाईत. गळू दे. पाण्यातली पानं येगळी येत्यात.”

“माझ्यामुळंच गेली ना?”

“न्हाय गं. ती जाणारच हुती.”

हे त्यांना माहीत होतं, की केवळ माझ्यासाठी म्हटलेलं होतं, मला कळलं नाही. मी मांडणीवरची बशी आणून वाळूवर ठेवली. त्यांनी तांब्या कलता केला. त्यानंतर रोज सकाळी ते वाकून बुडख्यांकडे निरखून पाहत आणि स्वतःशीच म्हणत, “अजून न्हाय.” थंडी सरता सरता एका पहाटे त्यांच्या छातीत कळ आली आणि ते गेले, तेव्हाही वाळूवर उघडे बुडखेच होते.

भेटायला आलेले नातेवाईक म्हणाले, टाकी रिकामी करून टाक. मी केली नाही. मीही अर्ध्या बादलीत अंघोळ करून, उरलेल्या पाण्यानं दर दोन दिवसांनी टाकीचं पाणी बदलत राहिले, कशासाठी ते न समजता. तिसऱ्या आठवड्यात एका बुडख्यातून मद्यवर्णी, अरुंद, कडांना लहरी असलेलं एक पान वर आलं. अण्णांनी रोवलेल्या पानांशी त्याचं काहीच साम्य नव्हतं.

आता बाहेर उन्हाळा रस्ते वितळवतो आहे आणि टाकी काठोकाठ पानांनी भरली आहे. तिच्यातलं एकही पान अण्णांनी पाहिलेलं नाही; त्यांनी पाहिलेलं एकही पान आता उरलेलं नाही. काळ रोवणाऱ्या हाताला उगवलेलं दाखवत नाही आणि उगवलेल्याला रोवणारा हात ठाऊक होऊ देत नाही. या दोहोंमधलं ते सगळं निःशब्द अंतर तो मागे उरलेल्या एकट्या माणसाच्या स्मरणावर सोपवतो आणि पुढे निघून जातो.