आखूड स्क्रू

मेहुण्याच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं भिंगकाका चारचौघांत सांगत. खरं तर ते राहून गेलं नव्हतं. त्यांनी ते दिलंच नव्हतं. त्या पत्राची आठवण त्यांना नेमकी न्हाणीघराच्या दाराला कान लावून उभं असताना झाली. आत काकू आंघोळ करत होत्या, आणि गुणगुणणं ऐकू येत नव्हतं.

"अगं?"

नुसतं पाणी पडत होतं.

"अगं, ऐकतेस ना?"

"ऐकतेय! मेले नाही अजून. साबण गेलाय डोळ्यात."

काका दोन पावलं मागे सरले. हायसं वाटायच्या ऐवजी त्यांना नवीच शंका आली. साबण कालही डोळ्यात गेला होता. परवाही.

काकूंना लग्नाआधीपासून फिट्स येत. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी त्या बंद न्हाणीघरात पडल्या आणि दार फोडावं लागलं. त्या दिवशी काकांनी घरातल्या सगळ्या दारांच्या कड्या काढून टाकल्या. तेव्हापासून रिवाज असा, की काकूंनी आंघोळ करताना गुणगुणत राहायचं आणि काकांनी बाहेर ऐकत राहायचं. सूर तुटला की विचारायचं, उत्तर आलं नाही की आत शिरायचं. आयुष्य सरत आलं, पण या नेमात खंड पडला नव्हता. तो आता पडू लागला होता.

काकांची हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती. डोळ्याला सदानकदा भिंग, म्हणून शेजारपाजारच्यांनी ठेवलेलं नाव भिंगकाका. समोर आलेला मजकूर चुकलेलाच असणार असं धरून चालायचं, यावर त्यांचं पोट भरलं. संध्याकाळी भिंग खिशात जाई. संशय तेवढा जात नसे.

मेहुण्याचं पत्र आलं होतं ते गोळ्यांच्या डब्यासोबत. 'भावोजी, ताईच्या आजारात मॅग्नेशियमचा उपयोग होऊ शकतो असं वाचलं. डॉक्टरांना विचारून द्या.' याच मेहुण्याने आधी तांब्याचं कडं पाठवलं होतं, मग लोहचुंबकाची गादी. गादीने काकूंची पाठ धरली आणि फिट्स होत्या तिथेच राहिल्या. दुधाने तोंड पोळलेले काका ताकही फुंकून पीत. 'डॉक्टरांना विचारून' हे शब्द तर त्यांना सर्वांत संशयास्पद वाटले. खोटं बोलणारा माणूसच इतकं जपून बोलतो. डबा त्यांनी शब्दकोशांच्या मागे सारून दिला आणि पत्र तिथेच खाली दाबलं.

आता त्यांनी तो बाहेर काढून हलवला. भरलेला डबा असा वाजत नाही. आत चारदोन गोळ्या एकट्यादुकट्या खुळखुळल्या.

म्हणजे ही चोरून घेतेय. आणि हे घेतेय, तर डॉक्टरांचं औषध घेत नसणार. मागे एकदा कुणाचं तरी ऐकून काकूंनी डॉक्टरांची गोळी मध्येच सोडली होती. एकामागून एक झटके आले, दवाखान्यात शुद्धीवर आल्या तेव्हा काकांनाही ओळखेनात. ते डोळे आठवले आणि काकांनी डबा होता तसा जागच्या जागी ठेवला.

चहा पिताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "डॉक्टरांची गोळी चालू आहे ना गं?"

"आहे."

"नक्की?"

"जीभ काढून दाखवू?" काकूंनी कप खाली ठेवला. "मी जरा शिंप्याकडे जाऊन येते. ब्लाउज टाकलेत."

"मीही वाचनालयात चक्कर मारून येतो."

त्या गेल्यावर काकांनी डबा पिशवीत घातला आणि थेट दवाखाना गाठला. मेहुण्याचा सोक्षमोक्ष आज लावायचाच. आत गेले तर बाकावर काकू.

"शिंपी बदललास वाटतं," काका म्हणाले.

"आणि तुम्ही? वाचनालय इकडे आलं का?"

तेवढ्यात नाव पुकारलं गेलं, म्हणून दोघं एकत्रच आत गेले. डॉक्टरीणबाई वयाने त्यांच्या लेकीएवढ्या होत्या. काकांनी डबा पुराव्यासारखा टेबलावर मांडला.

"हा हिचा भाऊ पाठवतो. ही तुमची गोळी सोडून हे खातेय."

"गोळी सोडलेली नाही, काका. ती मी थोडी वाढवलीय. आणि हा डबा काकूंनी मला आधी आणून दाखवला, मगच सुरू केला."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

"रक्तात मॅग्नेशियम कमी निघालं. मूत्रपिंडं ठीक आहेत ना ते पाहिलं, आणि म्हटलं, घ्या. गोळीच्या बदली नाही. गोळीच्या जोडीला."

"म्हणजे याने फिट्स थांबतात?"

"तसं मी म्हणणार नाही. काही जणांना फायदा झालेला दिसतो, पण ठामपणे सांगावं इतका पुरावा नाही."

"पण हिच्या कमी झाल्यात."

"झाल्यात. याने, की वाढवलेल्या गोळीने, की दोन्हींनी, ते मला सांगता येणार नाही."

काका खुर्चीत मागे टेकले. खोटं बोलणाऱ्याला कसं पकडायचं हे त्यांना ठाऊक होतं. 'मला माहीत नाही' म्हणणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"आता मी कडी लावून आंघोळ केली तर चालेल?" काकूंनी एकदम विचारलं.

"पक्की कडी नको, काकू. आणि आंघोळ बसूनच करा."

काकूंनी मान हलवली आणि त्या पदर आवरून उठल्या.

"मला सांगायचंस तरी," वाटेत काका म्हणाले.

"सांगितलं असतं तर डबा गटारात गेला असता." मग त्या म्हणाल्या, "तुमची सावली दिसते मला दाराच्या फटीतून. रोज. एवढी वर्षं मी तुमच्यासाठी गुणगुणले. मला गाण्याची हौस कधीच नव्हती हो."

ते गुणगुणणं काकांना फार आवडे. ती सुखात आहे, याची ती एकच खूण त्यांनी कधी तपासून पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते हार्डवेअरच्या दुकानातून कडी घेऊन आले. काकू भाजी आणायला गेल्या तेव्हा त्यांनी ती न्हाणीघराच्या दाराला आतून बसवली. मग शेजारच्या मुलाला हाक मारून त्याला आत उभं केलं, कडी लावायला सांगितली आणि बाहेरून खांदा दिला. दुसऱ्या धक्क्याला कडी स्क्रूंसकट निघून आली. काकांनी समाधानाने ती पुन्हा बसवली.

काकूंनी आल्या आल्या कडीवरून बोट फिरवलं.

"स्क्रू आखूड लावलेत ना?"

काका स्क्रूड्रायव्हर पुसू लागले.

"तुमच्याशी संसार केलाय. थोडा संशय मलाही येतो." त्यांनी कडी सरकवली, काढली, पुन्हा सरकवली. "असू देत. आतून लावल्याचा आवाज येतो, तेवढा पुरे."

त्या रविवारी काका पत्र लिहायला बसले. तीन कागद फाडले. चौथ्यावर एवढंच उतरलं: 'डबा मिळाला. तो खोटा असेल असं मला वाटलं होतं. तो खरा आहे की नाही, हे अजून ठरलेलं नाही. ताई बरी आहे. दार लावून आंघोळ करते. तू डॉक्टरांना विचारायला सांगितलं होतंस. उत्तराला उशीर झाला, माफ कर.' पुन्हा वाचलं. प्रत्येक वाक्य चुकलेलंच वाटलं, पण पाकीट चिकटवलं.

काकू आंघोळीला गेल्या. कडी वाजली. आत पाणी पडू लागलं, आणि त्यापलीकडे काहीही नाही.

"अहो, दाराशीच आहात ना?"

"नाही. पत्र टाकायला चाललोय."

पाणी क्षणभर थांबलं.

"आत्ता?"

"आत्ता."

"बरं. चपला घाला नीट."

टपालपेटी कोपऱ्यावर होती. वाटेत काका दोनदा थांबले आणि दोन्ही वेळा पुढे निघाले. पाकीट अडकलं तर नाही ना, म्हणून पेटीवर थाप मारून पाहायची त्यांची जुनी सवय. आज त्यांनी पाकीट आत सोडलं, हात वर गेला, तसाच खाली घेतला, आणि ते सावकाश घराकडे वळले.