स्वच्छ आवाज

पडद्यावर ‘घरी असणारे सभासद’ अशी मोठी अक्षरं उमटली तेव्हा वायरमन टेबलाखाली गुडघ्यांवर बसून प्लग खोचत होता. वर चर्चच्या समितीची बैठक चालली होती. तो काही समितीचा सदस्य नव्हता. पण प्रोजेक्टर रुसला की सगळ्यांना आधी त्याचीच आठवण व्हायची, त्यामुळे दर बैठकीला तो असायचाच, बहुतेक वेळ टेबलाखाली.

बोलत होत्या सल्लागारबाई. दुकान असो की चर्च, माणसं का येतात आणि का येईनाशी होतात ते शोधून काढायचं, आणि मग पुढची योजना आखून द्यायची, हे त्यांचं काम. नुकतंच त्यांनी एक डबघाईला आलेलं चपलांचं दुकान सावरलं होतं. त्यामुळे बोलताबोलता त्यांच्या तोंडून ‘गिऱ्हाईक’ निघून जायचं आणि पाळकसाहेब खाली मान घालून हळूच ‘सभासद’ म्हणायचे.

त्यांचं म्हणणं साधं होतं. आजारी आणि अंथरुणाला खिळलेली माणसं रविवारची उपासना टेलिफोनच्या ज्या लाइनवर ऐकतात, ती आता बंद करायची. त्याऐवजी कॅमेरा लावून थेट प्रक्षेपण करायचं आणि प्रत्येक घरी एक टॅब्लेट द्यायचा. लाइनला सव्वीस वर्षं झालीत, ऐकणारे उरलेत पाच, आणि खरखर इतकी की नवीन माणूस दोन मिनिटांत फोन ठेवून देईल.

ती लाइन वायरमननेच टाकली होती. टेलिफोन खात्यात नोकरीला असताना, साहेबांची परवानगी काढून, भंगारात निघालेल्या सामानातून. आणि त्या पाचांतली एक त्याची बायको होती. तीन वर्षांपूर्वी तिच्या मणक्याचं दुखणं विकोपाला गेलं आणि तेव्हापासून ती पलंगावरच होती.

पाळकसाहेबांनी त्याचं मत विचारलं. त्याने टेबलाखालून डोकं काढलं आणि बाई म्हणतात ते बरोबर आहे, असं सांगून टाकलं. कोणाचं मन राखायला नव्हे. उभी हयात त्याने खरखरीशी भांडण्यात घालवली होती. खांबावर चढून, गटारात उतरून, लोकांच्या शिव्या खाऊन. चांगला आवाज म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

मग चार संध्याकाळी तो त्या कामाला जुंपलेला होता. नव्या यंत्रणेत नको असलेले आवाज गाळून टाकायची सोय होती. ती हाताशी आल्यावर त्याला राहवेना. आधी पंख्याची घरघर गेली, मग बाहेरचा रस्ता, मग मागच्या बाकांवरची कुजबुज. शेवटी पाळकसाहेबांचा आवाज असा मोकळा झाला की सल्लागारबाईंनी हेडफोन कानाला लावून डोळे मिटले आणि मोठ्या कंपन्यांतसुद्धा इतकं स्वच्छ काम होत नाही म्हणाल्या. घरी जाऊन त्याने हे बायकोला दोनदा सांगितलं. एरवी तो स्वतःचं कौतुक सांगणारा माणूस नव्हता.

पहिला रविवार निर्विघ्न पार पडला. तो घरी आला तेव्हा तिने आधी विचारलं, किती जण आले होते. दोनशेच्या वर, खुर्च्या टाकाव्या लागल्या, तो म्हणाला.

“असं होय,” ती म्हणाली. “मला वाटलं, पाळकसाहेब एकटेच बोलताहेत. चित्रातही तेच एकटे.”

तो हसला आणि आवाज कसा गाळला ते तिला समजावून सांगू लागला. तिने ऐकून घेतलं.

पुढच्या रविवारी तो परतला तेव्हा टॅब्लेट पांघरुणावर पालथा पडला होता. त्याने उचलून पाहिला. चार्जिंग होतं, नेटही होतं.

“बिघडलं नाही काही,” ती म्हणाली. “मीच बंद केला. आता रविवारी लावून नका जाऊ.”

तीन वर्षांत डॉक्टरांनी काय काय सांगितलं होतं, पण रविवार नको असं ती कधी म्हणाली नव्हती. काय झालं ते सांग, म्हणून तो मागेच लागला. शेवटी तिने सांगितलं. टेलिफोन सुरू व्हायचा तो उपासनेच्या पंधरा मिनिटं आधी. बाक सरकायचे. बेकरीवाल्या मावशींची काठी दारापासून पुढच्या रांगेपर्यंत टकटक करत जायची. कोणाचं तरी बाळ रडायचं, आई त्याला बाहेर न्यायची, मग दार करकरायचं. खजिनदार खोकले की समजायचं, प्रार्थना लांबणार.

“उपदेश काय हो, अर्धे मला पाठ आहेत,” ती म्हणाली. “मी माणसांना भेटायला जायचे. आता तिथे कोणी नसतंच.”

तो स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यायला. कोणावर रागवावं तर कोणी दुसरं नव्हतंच. तिची माणसं त्याने स्वतःच्या हाताने, एकेक करून पुसून काढली होती, आणि वर त्याबद्दल शाबासकी घेतली होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

पुढच्या दोन दिवसांत तो उरलेल्या चौघांकडे जाऊन आला. म्हाताऱ्या शिंप्याला वाटत होतं आपले कानच गेले, म्हणून त्याने सुनेकडून कानात घालायचं औषध आणवलं होतं. एका बाईंनी टॅब्लेट खोक्यासकट कपाटात ठेवून दिला होता. तिसऱ्या घरी तर तो लावायचंच सोडून दिलं होतं. एकाला मात्र चित्र फार आवडलं होतं. मग कोणी बोललं का नाही, असं वायरमनने विचारलं तर शिंपी म्हणाला, तुम्ही एवढी मेहनत घेतलीत, कुठल्या तोंडाने सांगायचं?

सल्लागारबाईंच्या ऑफिसात तो दहा मिनिटं खुर्चीच्या कडेवर बसून होता. आयुष्यभर लोकांच्या तक्रारी निवारल्या. स्वतः तक्रार करायची कशी ते त्याला ठाऊक नव्हतं. चाचरत, मागचं पुढे करत त्याने सगळं सांगितलं. बाईंनी कॉम्प्युटरवर आलेख उघडला. इंटरनेटवर हे प्रक्षेपण बाहेरगावचे लोकही बघत होते, आणि आवाज स्वच्छ असल्यामुळे शेवटपर्यंत थांबत होते. पाच जणांसाठी हे मोडायचं कसं, असं त्यांनी विचारलं, आणि त्यांचं चुकत होतं असं त्यालाही म्हणता येईना.

“मोडू नका,” तो म्हणाला. “पण बायको आता येत नाही. ती येत नाही, एवढंच सांगायला आलो होतो.”

बाईंनी आलेख बंद केला. मग त्या स्वतःशीच हसल्या, पण त्या हसण्यात खुशी नव्हती. चपलांच्या त्या दुकानदाराला त्यांनी पहिली गोष्ट सांगितली होती ती काचेचं दार उघडं ठेवायची. आतली गडबड रस्त्यावर ऐकू गेली की माणूस आपोआप आत वळतो.

“दुकानदाराला दार उघडायला लावलं आणि तुमच्याकडे येऊन बंद केलं,” त्या म्हणाल्या. “पाच जण आहेत हे मोजलं मी. येतात कशाला, ते विचारलंच नाही.”

मग दोघांनी मिळून कागदावर आखणी केली. बाहेरच्यांसाठी स्वच्छ आवाज तसाच राहील. बाकांच्या वर छताला एक वेगळा माइक टांगायचा आणि तो जुन्या टेलिफोन लाइनला जोडायचा, काहीही न गाळता. समितीला काय सांगायचं ते बाईंनी स्वतःकडे घेतलं.

शनिवारी त्याने माइक टांगला आणि घरी येऊन बायकोला बातमी दिली. तिचा चेहरा खुलला. मग बोलताबोलता, काही मनात न धरता, ती म्हणाली, “सगळे ऐकू यायचे हो मला. तुम्ही तेवढे कधीच नाही.”

सव्वीस वर्षं तो उपासनेच्या वेळी चर्चमागच्या काचेच्या खोलीत, आवाजाची यंत्रं सांभाळत, हेडफोन लावून बसत आला होता. लग्नानंतर थोडे दिवस दोघं शेजारी बसायची, तेवढंच.

रविवारी काम नीट होतंय का ते बघायला सल्लागारबाई काचेच्या खोलीत आल्या. उपासना सुरू व्हायला पाच मिनिटं होती. वायरमनने हेडफोन काढून त्यांच्या हातात दिले, कोणत्या दोन बटणांना हात लावायचा नाही ते दाखवलं आणि तो बाहेर पडला. माइकच्या बरोबर खालच्या बाकावर त्याने जागा धरली. शेजारच्यांनी सरकून, आश्चर्याने त्याच्याकडे पाहिलं. हात कुठे ठेवावेत तेच त्याला कळेना. गाणं सुरू झालं तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की या चालीत कुठे आवाज चढतो, कुठे उतरतो, हे सगळं आपल्याला ठाऊक आहे, पण शब्द पाठ नाहीत. तरी तो म्हणत राहिला, इतरांचं ऐकून, मागून मागून.

घरी आला तेव्हा टेलिफोन जागेवर ठेवलेला होता आणि ती उशीला टेकून बसली होती. किती जण आले होते, हे आज तिने विचारलं नाही.

“तुम्ही आला होतात,” ती म्हणाली. “सगळ्यांच्या एक ओळ मागे होतात.”

तो हो म्हणाला आणि बूटही न काढता पलंगाच्या कडेला तसाच बसून राहिला.