डुलणारी चाकती

सरिताने दोघांनाही एकाच दिवशी खर्डीला बोलावलं आणि दुसरा येणार आहे हे एकालाही सांगितलं नाही. म्हणून लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावून इंद्रजीत तिच्या खळ्यात शिरला आणि जीपच्या बॉनेटखाली त्याला अक्षयची पाठ दिसली, तेव्हा आल्या पावली परत फिरावं असंच त्याच्या मनात आलं.

दोघांचं शहापूरला हायवेलगत एकत्र गॅरेज होतं. भागीदारी फुटली, अक्षय मुरबाडला गेला, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांबद्दल बोलत ते गिऱ्हाइकांपाशी, वाईटच. सरिताची ही जीप त्यांचं शेवटचं एकत्र काम. चिखलाच्या शर्यतीत पळवण्यासाठी जुन्या सांगाड्यात नवं पेट्रोल इंजिन घातलेलं. इंजिन अक्षयनं बसवलं, वायरिंग आणि ट्यूनिंग इंद्रजीतनं केलं.

तानशाच्या उतारावर सरितानं रेसवरून पाय काढला आणि इंजिन मेलं. स्टेअरिंग जड झालं, ब्रेक लाकडासारखा घट्ट झाला आणि जीप सागाच्या झाडावर आदळली. शेजारी तिची आई हौसा बसली होती. तिचा गुडघा मोडला. आता ती ओट्यावर पाय लांब करून बसली होती आणि दोघांकडे टक लावून पाहत होती. तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही.

"चूक कुनाची ती आज कळली पायजे," सरिता म्हणाली. "तोवर खळ्याबाहेर कोन जायचा नाय."

अक्षयनं लगेच ट्यूनिंगवर बोट ठेवलं. रेस न देता, आयडलला इंजिन वर-खाली होतं, म्हणजे आकडे चुकलेत, लॅपटॉपवाल्यालाच विचारा. इंद्रजीतनं त्याच्याकडे न पाहता केबल जोडली आणि सरिताला सांगितलं की आधी ट्रिगर सेन्सर बघायचा, आयडल नंतर. इंजिनाच्या पुढच्या पुलीवर दातेरी चाकती असते. सेन्सर तिचे दात मोजतो, त्यावरून ठिणगी कधी टाकायची ते इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवतो. दात चुकला की त्याला काही कळेनासं होतं आणि तो ठिणगीच तोडतो.

इंजिन चालू झालं. रेस दिली तेव्हा एरर एकही नाही. पाय काढला, इंजिन हळू फिरू लागलं, तसा एररचा आकडा चढू लागला. पडद्यावर सेन्सरची लाट एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला बसकी दिसत होती.

"चाकती डुलतेय," इंद्रजीत म्हणाला.

"झाडावर आदळल्यावर डुलणारच," अक्षय म्हणाला.

इंजिन बंद करून इंद्रजीतनं पुली हातानं फिरवली आणि सेन्सर आणि चाकतीमधल्या फटीत, ती मोजायच्या गेजचं पातळ पान घातलं. एका जागी ते अडकलं, अर्धा फेरा फिरवल्यावर दोन पानं सहज गेली. जिथं फट मोठी, तिथं सेन्सरला दात जेमतेम कळत होता, आणि इंजिन हळू झालं की तोही सुटत होता. सरितानं चाकती काढायला लावली. मागं वेल्डिंगचा गोळा निघाला, जुना, गंजलेला. अपघाताचा त्याच्याशी संबंध नव्हता. अक्षयनं बसवली त्या पहिल्या दिवसापासून चाकती तिरकी होती.

अक्षय कानस घेऊन तो गोळा घासत बसला. इंद्रजीतला आत कुठंतरी गोड वाटलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

चाकती बसली. एरर शून्यावर आले. पण आयडल काही स्थिर होईना. इंजिन उसळायचं, खाली यायचं, पुन्हा उसळायचं.

अक्षय उठून लॅपटॉपमागं उभा राहिला. "आता तर चाकती सरळ आहे," तो सावकाश म्हणाला. "मग हवेची वाट एवढी उघडी का? आयडलला ठिणगी इतकी लवकर का?"

इंद्रजीतचे कान तापले. तेव्हा ट्यूनिंग करताना इंजिन थांबत होतं म्हणून त्यानं हवा वाढवली होती, ठिणगी पुढं ओढली होती. दात सुटतायत हे तपासलं नव्हतं. दुखणं झाकून त्यावर आकडे रचले होते.

"तुला दिसलं नाय का तेवा?" सरितानं विचारलं.

"बघितलंच नाय मी," तो म्हणाला.

हौसानं ओट्यावरून पहिल्यांदा तोंड उघडलं. "दोघंबी सारकेच."

इंद्रजीतनं जुने आकडे पुसले, हवा कमी केली, ठिणगी मागं घेतली. इंजिन शांत, एका सुरात चालू लागलं. सरितानं दोघांना आपापल्या पिशव्या घेऊन जीपमध्ये बसायला सांगितलं. अक्षय पुढं, इंद्रजीत मागं, आणि कुणी काही विचारायच्या आत ती तानशाच्या उतारावर होती. ऐन मध्यावर तिनं पाय काढला. इंद्रजीतनं समोरची सीट घट्ट धरली. अक्षयचा हात दाराच्या कडीवर गेला. इंजिन खाली आलं, थरथरलं नाही, तसंच चालत राहिलं.

खाली सडकेला तिनं गाडी थांबवली.

"उतरा. माज्या दारात परत येऊ नका."

ती वळून निघून गेली. बऱ्याच वेळानं एक रिक्षा आली. अक्षय आत बसला आणि आपली हत्यारांची पिशवी मुद्दाम रिकाम्या जागेवर ठेवली. रिक्षावाल्यानं इंद्रजीतकडे पाहिलं.

"त्याला नाय यायचं," अक्षय म्हणाला.

इंद्रजीतनंही नाही म्हणून मान हलवली आणि तो खर्डी स्टेशनच्या दिशेनं चालू लागला.