हाताचा उपास

“आदी भिंतीक हात घास. मगे बोट जिभेक लाव. आनि मगेच तोंड उघडून दर सांग.”

नाना, माझे सासरे, हे सांगताना स्वतःचा तळहात पुढे धरायचे. पांढरट, रेषा बुजलेला हात. समुद्राकाठच्या घराला बाहेरून रंग द्यायचा तर भिंत कशी आहे ते डोळ्यांना कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. हात फिरवला की जुन्या रंगाची भुकटी किती सुटते ते समजतं आणि बोट जिभेला लावलं की गिलाव्यात खार कितपत शिरलाय ते. खारट भिंत आधी खरवडायची, गोड्या पाण्याने धुवायची, सुकू द्यायची. तिचा दर वेगळा.

नाना गेले आणि धंदा माझ्या यजमानांकडे, सुदेशकडे आला. यंदा दिवाळीनंतर कामं सुरू होतात न होतात तोच ह्यांचा परांचीवरून पडून पाय मोडला. रंग द्यायला आमचा शंकर होता, पण घर बघून दर सांगणं त्याला जमत नसे. मग मीच पिशवीत टेप टाकून आमच्या कट्टा गावाहून मालवणला जाऊ लागले. बायका हसायच्या. “रंगवाल्याची बाईल भिंती चाटूक इली गो!” मीही हसायचे.

माझे उपासाचे वार बरेच. त्यातले मार्गशीर्षातले गुरुवार अळणी. सकाळी घट मांडायचा आणि संध्याकाळी कथा वाचून आरती होईपर्यंत मिठाचा कण जिभेला लावायचा नाही. म्हणून गुरुवारी मी फक्त हात लावून यायचे. जिभेचं दुसऱ्या दिवशी.

त्या गुरुवारी दोन घरं बघायची होती. पहिला बाजारामागचा बंगला. तिथे चारही बाजूंनी फिरले, हात लावून भिंती बघितल्या. “वैनी, दर उद्या सांगते, आज माझा अळणी गुरुवार,” म्हटलं, तर त्या घरातल्या वहिनींनी कौतुकाने पाटावर बसवून हळदीकुंकू लावलं आणि दूध दिलं.

दुसरं घर समुद्राकाठी दांडीवर, हौसाबाईचं. हौसाबाई मासे विकते. नवरा गेल्यापासून घर तिच्याच जिवावर. अंगणात माडाच्या झापांवर बांगडे सुकत घातलेले, समुद्राकडच्या भिंतीला माशांच्या पाट्या टेकवलेल्या. मी बेड्याशी, फाटकातच थांबले.

“ये गो बाय, भुतूर ये.”

“उपास आसा माझो, हौसाबाय. हंयसूनच बघतंय.”

तिने झापं ओढून एका बाजूला केली, वाटेवर तांब्याभर पाणी मारलं. “आता ये.”

दारात तिची मुलगी जान्हवी हातात काहीतरी झाकून घेऊन उभी होती. मी पदर नाकाशी नेला आणि जागची हलले नाही. टेप पिशवीतच राहिली. नजरेनेच लांबी-उंची धरली आणि दर सांगून टाकला, साध्या भिंतीचा.

“तेवड्यातच?” हौसाबाई म्हणाली. “खारो वारो आसा हंय. मागची भिंत बघूक नाय तू.”

“तेवढ्यातच.” मला निघायचं होतं.

“नाय, इचारतंय कित्याक, येंगुर्ल्याची माणसां येवची आसत जान्हवीक बघूक. मार्गशीर्ष सरायच्या आदी. घर निटस दिसाक होया. रंग धरतलो मां?”

“धरतलो. माझो शब्द आसा.”

दोन दिवसांनी शंकर तिथे कामाला लागला आणि संध्याकाळी येऊन म्हणाला, “वैनी, मागची भिंत निस्ती मीठ आसा. धुवक होयी.” मी हिशेब मनात करून पाहिला. सांगितलेल्या दरात धुणं बसत नव्हतं. दर वाढवून मागायचा तर ‘तू बघूक नाय’ हे ऐकून घ्यावं लागणार होतं. “दोन हात जास्त मार,” मी म्हटलं. शंकर डबा उचलून गेला.

काल कट्ट्याच्या बाजारात आजच्या पूजेची फुलं घ्यायला गेले होते. आजचा शेवटचा गुरुवार, उद्यापनाचा. मासळीच्या रांगेत हौसाबाई बसली होती. मी वाट बदलत होते, पण तिने हाक मारली.

“प्रेमलता, हडे ये गो.”

तिने कमरेची चंची सोडली आणि माझ्यासमोर धरली. निळ्या रंगाचे पोपडे. वरून गुळगुळीत, मागून पांढरी भुकटी.

शेजारची कोळंबीवाली वाकून म्हणाली, “हौसा, आता पापड पण इकतंस?”

“होय गो, खारे पापड. मीठ घालूक लागना नाय.”

रांगेतल्या बायका हसल्या. हौसाबाई हसली नाही. गिऱ्हाईक हटेपर्यंत थांबली आणि मग खालच्या आवाजात म्हणाली, “त्या बंगल्यात मी मासे घालतंय. थंयची वैनी तुझा कवतिक सांगी होती. उपास असून भिंत न् भिंत हातान बघितल्यान म्हणान.”

मी फुलांची पुडी या हातातून त्या हातात घेतली.

“उपास तोंडाचो असता मां? हाताचो उपास मी खंय ऐकूक नाय.”

“हौसाबाय...”

“आमच्याकडेय गुरवार असता गो. जान्हवी घट मांडता. मासे सुकत घातले ते पोटाक, उपास मोडूक नाय. त्या दिवशी सवाशीण आपसूक दारात इली म्हणान माझ्या चेडवान, जान्हवीन, कुंकवाची कुयरी घेतलेली हातात. तू बेड्यारसूनच गेलंस.”

तिने चंची गुंडाळून परत कमरेला लावली. “जावंदे. येंगुर्ल्याची माणसां फुडच्या बुधवारी येतली. मागच्या भिंतीक मी पोपडे झाकूक जाळा टांगतंय.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. “टांगू नको,” मी म्हटलं. “भिंत मी धुतंय.” तिने माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी बांगडे मोजायला घेतले.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून हे ऐकत होते. नानांचा धडा ह्यांनाही पाठ, म्हणून मला वर बघवत नव्हतं.

“शंकराक पाठव सोमवारी,” हे म्हणाले. “वरसून एक हात मारीत.”

“वरून मारलेला धरायचा नाही. उद्या धुतली तर रविवारपर्यंत सुकेल, मग सोमवारी शंकर रंग देईल. आणि धुणार मीच. दर मी सांगितला होता.”

“उद्या उद्यापन तुझा. संध्याकाळी सवाष्णी येतल्या. आनि भिंत धुतना खारो शितोडो तोंडात गेल्याशिवाय रवता काय?”

“जाईल.”

ह्यांनी पायाखालची उशी सारखी केली. मग म्हणाले, “माळ्यार नानांचो काथ्याचो ब्रश आसा. तो घेवन जा. नवो ब्रश खार काढना नाय.”

आज सकाळी घट मांडला, दिवा लावला. शेजारच्या सुगंधाकाकींना निरोप दिला, मला उशीर झाला तर कथा तुम्ही वाचा, सवाष्णींची ओटी भरा. देवीपुढे बसले. इतक्या वर्षांत तिच्यासमोर बोलायला मला कधी शब्द शोधावे लागले नव्हते. माफी मागायला तोंड उघडलं आणि मिटलं. नानांनी सांगितलेल्या क्रमात तोंड शेवटी होतं.

हळदीकुंकवाचा करंडा पदराच्या टोकात बांधला, जान्हवीसाठी. बादलीत पत्र्याची खरवडणी, नानांचा ब्रश आणि घासायला नारळाची दोन सोडणं टाकली. ह्यांना झोप लागली होती. दार हळूच ओढून घेतलं आणि मालवणच्या गाडीसाठी स्टॉपकडे निघाले.