पडद्याच्या दुमडीतली नळी

आमच्या ह्यांना उघडी वस्तू बघवत नाही. पन्नास वर्षं शिंपीकाम केलं ना! घरात मिक्सरला झगा, टीव्हीला झालर, गॅसच्या सिलिंडरलासुद्धा परकर. म्हणून सुदीपनं, आमच्या मुलानं, बेंगळूरहून हवेतली ओल शोषणारं मशीन पाठवलं तेव्हा मी खोकं उघडायच्या आत हे टेप घेऊन उभे.

मशीन यायला कारण होतं. विजयनगरातलं आमचं घर तळमजल्याचं. मागच्या खोलीची भिंत पावसाळाभर पाझरते आणि मी खोकत बसते. सुदीपनं फोनवर सरळ सांगितलं, "आई, रविवारपर्यंत ओल साठ टक्क्यांखाली आली तर राहा तिथंच. नाही आली तर दोघांनी सामान बांधायचं आणि माझ्याकडं यायचं. अकराव्या मजल्यावर ओल नसते."

अय्यो, अकराव्या मजल्यावर माणूस तरी असतं का? महिनाभर राहून आले आहे मी. शेजारचं दार एकदाही उघडलं नाही. मला इथंच राहायचं होतं, आणि त्या चार दिवसांत माझं सगळं त्या पांढऱ्या डब्यावर येऊन ठेपलं. त्यातला ओलीचा आकडा सुदीपला मोबाइलवर दिसतो म्हणे, म्हणजे थाप मारायचीही सोय नाही.

मंगळवारी मशीन लावलं. आतली बादली भरली की ते बंद पडतं आणि लाल दिवा लागतो. सारखी बादली उपसायला नको म्हणून मागच्या भोकाला नळी जोडायची, पाणी आपोआप बाहेर जातं, असं त्याच्या पुस्तकात होतं. नळी ह्यांनी जोडली. तरी तीन तासांत लाल दिवा. मी दिवसभर बादल्या उपसून आकडा सत्तरवर आणायची, आणि सकाळी उठून बघावं तर पुन्हा अठ्ठ्याहत्तर. कंबरेचा पार भुगा झाला.

बुधवारी कंपनीला फोन केला. तिकडची मुलगी फार गोड. "मॅडम, बंद करून परत चालू करा." केलं. "जाळी धुवा." धुतली. "बादली नीट बसवा." बसवली. "फोटो पाठवा." ह्यांनी फोटो पाठवला. पण मशीनला नवा निळा अंगरखा चढवला होता, त्याला पांढरी पायपिंग, त्याच्यासकट. मुलगी म्हणाली, "मॅडम, हे आमचंच मशीन आहे ना?"

अंगरखा उतरवला. लाल दिवा होता तिथंच.

गुरुवारी शेजारचे भुजंगराव आले. उभा जन्म त्यांनी पाइपलाइनच्या कामात घालवलेला, त्यामुळे खुर्ची दिल्याशिवाय बोलत नाहीत. कॉफी झाली. मग म्हणाले, "सोयरावहिनी, नळीत हवा अडकली आहे. ओढून काढावी लागेल." खिडकीबाहेर गेले आणि नळीचं टोक तोंडात धरून त्यांनी जो काय जोर लावला, तो आमच्या भिंतीची तीन दिवसांची ओल घटाघटा पोटात गेली. ठसका लागून बिचारे लालबुंद झाले. निघताना म्हणाले, "व्होल्टेज कमी पडतंय." वर पुन्हा कॉफी मागितली ती वेगळीच.

शुक्रवारी सुदीपचा फोन. "आई, अजून पंचाहत्तरच दिसतंय. बॅगा काढून ठेव." मला हुंदकाच आला. मशीनशेजारी जमिनीवर फतकल मारून बसले, आणि तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं की नळी जाते कुठं.

मशीन जमिनीवर. नळी निघाली होती तिथून, ती ह्यांनी खिडकीच्या पडद्याच्या कडेला शिवलेल्या उभ्या दुमडीतून थेट वर. पार खिडकीपर्यंत चढून मग बाहेर. बाहेरून नळीचा एक इंच दिसत नव्हता, इतकं सफाईचं काम!

"अहो, पाणी वर कसं चढेल?"

"मशीनला मोटर आहे ना."

"ती मोटर हवा ओढायची. पाणी आपलं आपण खाली जातं."

"मग काय नळी जमिनीवरून नेऊ? दारातून? कापडातून दोरा लोंबल्यासारखं दिसेल ते."

दोरा लोंबतो म्हणून मी घर सोडायचं होय? डोकंच फिरलं माझं. ह्यांची कात्री घेतली, जिला लग्न झाल्यापासून मी हात लावलेला नाही, आणि दुमड टराटरा उसवली.

"अगं, हातशिलाई होती ती!"

"म्हणूनच पाणी इतकं सुरेख अडलं!"

मशीन उचलून स्टुलावर ठेवलं आणि नळी जमिनीवरून सरळ मोरीत सोडली. दोन मिनिटांत मोरीत टप, टप, टप. मी तिथंच उभी राहून हसत सुटले. हे माझ्याकडं पाठ करून उसवलेल्या दुमडीचे दोरे वेचत बसले.

शनिवारी दुपारी आकडा सत्तावन्न. सुदीपचा फोन आला. मी दोघांना ऐकू येईल असा लावला.

"शाब्बास आई! मग उद्या अकराला दलालाला घेऊन येतो. एक पार्टी घर बघणार आहे. ओलीचा वास आला की लोक लगेच भाव पाडतात, म्हणून तर मशीन पाठवलं."

"आणि आम्ही राहायचं म्हणालास ते?"

"राहा की. घर विकेपर्यंत राहा. मी कुठं नाही म्हणतोय?"

माझ्या छातीसाठी आलंय म्हणून ज्या मशीनपुढं मी कंबर मोडून घेतली, ते दलालासाठी आलं होतं. पोटच्या पोरानं असं करावं याचं फार वाईट वाटलं, आणि मग राग आला.

"साठच्या खाली आली तर राहा, हे तुझे शब्द," मी म्हणाले. "सत्तावन्न आहे. आम्ही राहतो."

"आई, सुम्ने, उगाच हट्ट करू नकोस. अप्पा, तुम्ही तरी सांगा तिला."

हे मुलासमोर कधी तोंड उघडत नाहीत. शुक्रवारपासून तर माझ्यावर फुगलेलेच होते. पण पुढं आले आणि फोन हातात घेतला.

"सुदीप, घर माझ्या नावावर आहे. ते दिसतं का बघ तुझ्या मोबाइलवर."

सुदीप म्हणाला, आवाज तुटतोय अप्पा, आणि फोन ठेवून दिला.