अंडं स्वच्छ निघालं

"आता फक्त बघत राहा," माएस्त्रो म्हणाले, आणि सभागृहातली माणसं खुर्च्या सोडून उभीच राहिली.

मोठ्या पडद्यावर लाल ओळींची रांग होती. एक लाल ओळ म्हणजे आमच्या चिपची एक नापास चाचणी. दुरुस्तीसाठी बाहेरून बोलावलेल्या या उस्तादांनी, माएस्त्रो एव्हारिस्तोंनी, आपल्या एआयला दोन वाक्यं टाइप करून दिली, मग डोळे मिटून हात जोडले. हात कशाला जोडले ते त्यांनाच ठाऊक. बघता बघता एकेक ओळ हिरवी होत गेली, शेवटची लाल ओळही गेली, आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. आमचे साहेब, इंजिनिअर बाल्तासार, यांनी छातीवर क्रूस काढला. माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या चुयच्या हातातल्या तोर्त्याची, म्हणजे भरल्या पावाची, तिखट चटणी त्याच्याच बुटावर गळत होती, त्याला त्याचा पत्ता नव्हता.

मी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत.

आमची मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराची लहानशी कंपनी, इन्सुलिनच्या पंपासाठी चिप बनवते. पंप पोटाला चिकटवायचा, तो दिवसभर थेंब थेंब औषध सोडतो. चिपचा आराखडा आम्ही प्रोग्रॅमसारखा लिहून काढतो आणि आधी संगणकावर लुटुपुटूची चिप चालवून तिच्या चाचण्या घेतो. चाचण्या माझ्याकडे. त्यात एक दोष सापडला होता. बॅटरी बदलल्यावर मोटर बंद राहील की आपोआप सुरू होईल, याचा काही भरवसाच नव्हता. आपोआप सुरू झाली तर औषधाचा मारा, साखर धाडकन खाली, आणि माणूस बसल्या जागी बेशुद्ध. आम्ही डोकं फोडून घेतलं, दोष हटेना, आणि आराखडा कारखान्यात पाठवायची तारीख उद्यावर आलेली.

हा पंप सर्वांत आधी लावून घ्यायला ज्यांनी नाव दिलं होतं, त्यांत युनुएन होती. माझी मुलगी, लहानपणापासून मधुमेह असलेली.

"या यंत्राला दृष्टी आहे, बाबांनो," माएस्त्रो सांगत होते. "जगातले सगळे आराखडे ते पिऊन बसलंय. तुम्ही फक्त दुखणं सांगा. का आणि कसं ते विचारू नका. का विचारलं की ते बिथरतं."

"अगदी माझ्या सासूसारखं," चुय म्हणाला. लोक हसले.

"त्यानं काय बदललं ते बघू का?" मी विचारलं.

"दोन्या अम्पारो, अहो बाई, ऑपरेशन झाल्यावर टाके उसवून बघतात का कुणी?" लोक पुन्हा हसले, या वेळी मला.

मग माएस्त्रोंनी पेटीतून तळहाताएवढा एक बोर्ड काढला. त्यात आमचाच दुरुस्त आराखडा भरला होता आणि बाजूला खरीखुरी मोटर जोडली होती. "संशयी माणसांसाठी," ते माझ्याकडे बघून म्हणाले. बॅटरी काढली, घातली. मोटर गप्प. मी पुढे होऊन स्वतः काढली, स्वतः घातली. मोटर ढिम्म हलली नाही. मी जागेवर येऊन बसले.

मी बोलायला तिखट आहे, पण मनानं भित्री. घरी जाताना डोक्यात एकच घोळत होतं. हे खोटं असेल तर पोरीच्या जिवाशी गाठ. आणि खरं असेल, तर तिचा जुना पंप वरचेवर अडकत असताना तिच्या वाटेत आडवी येणारी मीच. ते खरंच असावं असं मला इतकं वाटत होतं की त्याचीच जास्त भीती वाटली.

युनुएन तव्यावर टॉर्टिया भाजत होती. "अमा, दोष गेला म्हणे? चुयचा फोन आला होता."

"गेला म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"पडदा म्हणतो. बोर्ड म्हणतो."

ती हसली. "म्हणजे अंडं स्वच्छ निघालं तर."

ती सहज बोलली, मला मात्र जुनं सगळं आठवलं. ती लहान असताना सारखं पाणी प्यायची, वाळत चालली होती. मी कामावर असताना तिची आजी तिला झाडफूक करणाऱ्या बाईकडे घेऊन गेली. बाईनं अंगावरून अंडं उतरवलं, पेल्यातल्या पाण्यात फोडलं. "बघा, किती स्वच्छ! बाधा गेली." आजी पेढे वाटायचीच काय ती राहिली होती. चार दिवसांत पोर दवाखान्यात, शुद्ध हरपलेली. डॉक्टर एवढंच म्हणाले, "अंडं तपासलंत, आता पोरीचं रक्त तपासू या."

मग पडद्यावर आज काय तपासलं होतं? लुटुपुटूची चिप. आणि बोर्ड? तो बोर्ड होता, आमची चिप नव्हे. माझा घास तसाच हातात राहिला.

सकाळी मी पहिल्यांदा एआयनं केलेला बदल उघडून बघितला. सगळ्या चमत्काराची मिळून एक ओळ होती: 'सुरुवातीला मोटर बंद आहे असं धर.'

सगळे जमल्यावर मी म्हटलं, "माएस्त्रो, हीच चाचणी आराखड्यातून प्रोग्रॅमनं बनवलेल्या, कारखान्यात जाणाऱ्या तयार सर्किटवर घ्या. काल ती नुसत्या लिहिलेल्या आराखड्यावर घेतली होती."

"वेळ कुठाय? आणि अविश्वासानं काम नासतं, बाई."

"दोन्या अम्पारो, कारखाना आपल्यासाठी थांबायचा नाही," साहेब कुरकुरले.

माझं तोंड थांबेना. "बरं. मग पहिला पंप माएस्त्रोंच्या पोटाला लावू. औषध भरून. बॅटरी मी बदलते."

माएस्त्रोंनी हसायचा प्रयत्न केला, मग हात नकळत पोटावर गेला. "माझं... मला तर मधुमेह नाही."

साहेबांनी तो हात पाहिला. "घ्या चाचणी," ते म्हणाले.

चाचणी चालू असताना कुणी चहाकॉफीला उठलं नाही. पहिली ओळ लाल आली. दुसरी लाल. मग पडदाभर लाल.

"पण बोर्डवर चाललं होतं ना?" माएस्त्रो पुटपुटले.

"मग बोर्ड बांधायचा का पोटाला?" चुय म्हणाला. या वेळी हसलं कुणी नाही.

मी समजावून सांगितलं. मोटर चालू की बंद, हे चिपमधला एक कप्पा लक्षात ठेवतो. वीज आली की त्या कप्प्यात काय असेल ते कुणी सांगू शकत नाही. 'बंद आहे असं धर' म्हटल्यावर लुटुपुटूची चिप धरून चालते. तो बोर्ड तर वीज आली की दर वेळी सगळे कप्पे नव्यानं भरून घेतो, त्याची घडणच तशी. आमच्या चिपमध्ये कप्पे भरणारं कुणी नाही. आराखड्यातून सर्किट बनवणारा प्रोग्रॅम ती ओळ नुसती ओलांडून जातो. धरून चालायला सिलिकॉनला कान नसतात. एआयनं तरी काय लबाडी केली? पडदा हिरवा कर म्हटलं, त्यानं केला. लबाडी केली ती 'का विचारू नका' म्हणणाऱ्यानं. आणि हाच बोर्ड का आणला, याचं उत्तर माएस्त्रोंनी आजवर दिलेलं नाही. पेटी उचलून ते गेले.

तारीख हुकली. पुढे आम्ही बॅटरी बसताच तो कप्पा बंदवर आणणारी खरी तार जोडली. तिच्या ओळी त्याच एआयकडून लिहून घेतल्या, फक्त प्रत्येक ओळीला 'का' विचारलं आणि तयार सर्किटवर तपासली. ते काही बिथरलंबिथरलं नाही.

एआयला नावं ठेवू नका आणि त्याला देवही करू नका. हिरवं दिसलं की एवढंच विचारा: तपासलं कुणी, तपासलं कशावर, आणि जे पोटाला बांधायचं ते तपासलं का? विचारू नका म्हणणारा भेटला, तर दुप्पट विचारा.

नवा पंप आला तेव्हा युनुएननं आमच्याच स्वयंपाकघरात पहिल्यांदा बॅटरी बदलली. मी पंपाला कान लावला. मोटर गप्प होती.

"अमा, अशी कान लावून काय बसलीस? सगळं तपासलंयस ना तू?"

"तपासलंय, मिहा, पोरी माझी," मी म्हटलं. "तरी साखर मोज."